चाकांवरचे घर, वादळाची रात्र आणि मुलीचे दोन प्रश्न

प्रश्न विचारणार: चाकांवरची आई

जय ख्रिस्त. प्रश्न थोडा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती आणि नऊ व पाच वर्षांची दोन मुले, गेली अडीच वर्षे अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी राज्यांमध्ये एका ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये राहतो. पतींचे काम पवनचक्क्यांच्या देखभालीचे आहे. दर चार-सहा महिन्यांनी कामाची जागा बदलते, तेव्हा पिकअपच्या मागे घर जोडायचे आणि पुढच्या मुक्कामाला निघायचे. जिथे वारा भरपूर तिथेच पवनचक्क्या, त्यामुळे ज्या वाऱ्यावर आमची चूल पेटते त्याच वाऱ्याने रात्री आमची झोप उडते. 28 फूट लांब आणि 8 फूट रुंद जागेत चौघांचा संसार कसा चालतो, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. जेवणाचे टेबल हीच मुलांची शाळा आणि संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेची जागाही तीच. छतावर पाऊस कोसळू लागला की समोरासमोर बसूनही बोलणे ऐकू येत नाही, म्हणून प्रार्थना मोठ्याने करावी लागते; पावसाच्या आवाजातून देवापर्यंत पोहोचावे म्हणून आपण ओरडतो, अशी माझ्या धाकट्याची ठाम समजूत आहे.

मे महिन्यातल्या एका रात्रीची ही गोष्ट आहे. नव्या मुक्कामी येऊन आम्हांला दोनच दिवस झाले होते. त्या रात्री मुलांना झोपवताना आम्ही स्तोत्र 91 वाचले होते. साडेअकराच्या सुमारास रेडिओवर टॉर्नेडोची वॉर्निंग लागली आणि निवेदक तीन काउंट्यांची, म्हणजे इथल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, नावे सांगू लागला. आपण नेमके कोणत्या काउंटीत आहोत, हे आम्हां दोघांनाही सांगता येईना. गावाचे नाव ठाऊक होते, रस्ता ठाऊक होता, काउंटी मात्र ठाऊक नव्हती. शेवटी मुक्कामाच्या पैशांची पावती कचऱ्याच्या डब्यातून काढून टॉर्चच्या उजेडात वाचली, तेव्हा कळले की तीनपैकी दुसरे नाव आमचे आहे. ट्रेलर तोवर होडीसारखा डोलू लागला होता. मुलांना उचलून आम्ही स्वच्छतागृहाच्या पक्क्या इमारतीकडे धावलो. अर्ध्या वाटेवर माझी मुलगी मला म्हणाली, "आई, आत्ताच तर तू म्हणालीस, प्रभू आपल्याला राखील. मग आपण पळतोय कशाला?"

त्या वेळी मी "चल आधी" एवढेच म्हणाले.

इमारतीत वीस-बावीस माणसे होती. आमच्या मागच्या रांगेतले एक वृद्ध जोडपेही होते. त्यांनी आमच्या मुलांचे हात धरून प्रार्थना केली. टॉर्नेडो काही मैल दूरून गेला, पण त्याच्या सोबतच्या वाऱ्याने त्या जोडप्याचा ट्रेलर कुशीवर आडवा केला. आमच्या ट्रेलरला ओरखडाही आला नाही. दोघे सुखरूप आहेत, घर मात्र गेले. सकाळी ते दृश्य पाहून मुलीने दुसरा प्रश्न विचारला: "त्यांनीही आपल्याबरोबरच प्रार्थना केली होती ना?"

पहिल्या प्रश्नाला मी काहीतरी उत्तर जुळवू शकते. दुसऱ्यापुढे मी गप्प झाले आहे. ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांनी, आणि न राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांनीही, आपण मुलांना काय सांगता ते कृपया लिहावे. वादळाच्या तयारीत आमचे कुठे चुकले, हेही स्पष्ट सांगितले तर राग येणार नाही.


उत्तर: जुना चालक

ताई, धर्माच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा जाणकार देतील. मी अकरा वर्षे ट्रेलर ओढला, म्हणून तयारीपुरते लिहितो.

काउंटीचे नाव न कळणे ही प्रवाशांची नेहमीची चूक आहे, तुमची एकट्याची नाही. तिथले हवामान खाते इशाऱ्यात काउंट्यांचीच नावे घेते, आणि आपण मात्र गावाच्या आणि रस्त्याच्या नावाने विचार करतो. मुक्कामी पोहोचल्यावर चाकांना अडसर लावण्याआधी काउंटीचे नाव जाड अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवायचे, ही सवय मी लावून घेतली होती. हवामानाच्या रेडिओत प्रत्येक काउंटीसाठी सहा आकडी संकेतांक टाकता येतो. तो टाकला की रेडिओ गप्प बसून राहतो आणि आपल्या काउंटीसाठी इशारा निघाला की मध्यरात्रीही ओरडून उठवतो. फोनवर एकट्यावर विसंबू नका, कारण रात्री आपण तो मुका करून ठेवतो आणि रानात त्याला रेंज नसते. वॉच लागला म्हणजे वादळास पोषक परिस्थिती आहे, कपडे आणि बूट घालून तयार राहावे. वॉर्निंग लागली म्हणजे वादळ दिसले आहे किंवा रडारवर सापडले आहे, तेव्हा विचार करण्याची वेळ संपलेली असते.

आता ट्रेलर का उलटतो ते पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी 60 मैलांचा वारा तुमच्या ट्रेलरच्या लांब बाजूवर सरळ आदळला तर त्या भिंतीवर साधारण एक टन जोर येतो, आणि ट्रेलर रुंदीला कमी व उंचीला जास्त असल्यामुळे तो जोर त्याला ढकलण्यापेक्षा आडवा पाडायला अधिक कामी येतो. ताशी 58 मैलांचे झोत किंवा एक इंच व्यासाच्या गारा अपेक्षित असल्या की तिथले हवामान खाते वादळाला तीव्र म्हणते, म्हणजे तुमच्या घराच्या दृष्टीने धोक्याची रेषा टॉर्नेडोच्या कितीतरी आधी ओलांडलेली असते. चार कोपऱ्यांतले जॅक हे डोलणे कमी करण्यासाठी असतात; ते नांगर आहेत असे समजून निर्धास्त झोपणारी माणसे मी पाहिली आहेत. पाण्याची टाकी भरून ठेवली तर 40 गॅलनमागे सव्वातीनशे पौंडांहून अधिक वजन खाली राहते, तेवढाच थोडा आधार; त्यावर जीव टांगू नये.

माझा स्वतःचा नियम असा होता की 50 मैलांच्या झोतांचा अंदाज दिसला की दिवसाउजेडीच बाहेरचे कापडी छत गुंडाळायचे, बाहेर सरकणाऱ्या खोल्या आत घ्यायच्या, गॅसच्या टाक्या बंद करायच्या, विजेची केबल काढायची आणि रात्री पक्क्या इमारतीजवळ राहायचे. छत उघडे राहिले तर ते शिडासारखे फुगते आणि जाताना भिंतीचा तुकडा घेऊन जाते. विजांच्या बाबतीतही ट्रेलरला गाडी समजू नका. लाकडी सांगाडा आणि फायबरग्लासची भिंत असलेल्या ट्रेलरपेक्षा धातूच्या छताची पिकअप सुरक्षित असते. टॉर्नेडोपुढे मात्र पिकअपही नको, आणि महामार्गाच्या पुलाखाली तर मुळीच नको. 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेल्या काही लोकांचे प्राण गेले, कारण तशा चिंचोळ्या जागेत वारा आणखी जोर धरतो.

शेवटचे एक. मुलांना घेऊन इमारतीपर्यंत जायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून एकदा मोजा. आम्हांला पहिल्यांदा साडेचार मिनिटे लागली, त्यांतली तीन बूट शोधण्यात गेली. त्यानंतर प्रत्येकाचे बूट आणि सायकलचे हेल्मेट त्याच्या उशापाशी ठेवू लागलो. उडून आलेल्या वस्तूंचा मार डोक्याला बसतो, आणि वादळानंतरच्या काचा व खिळे अनवाणी पायांची वाट पाहत असतात.


उत्तर: कृपाछाया

ताई, राग मानू नका, पण मुलीचा पहिला प्रश्न मला योग्य वाटला. स्तोत्र 91 मध्ये देव आपल्या दूतांना आज्ञा देईल आणि ते आपल्याला हातांवर झेलतील, असे स्पष्ट वचन आहे. आमच्या घरी वादळात आम्ही दार लावून गुडघे टेकतो. मुलांनी आईवडिलांना धावताना पाहिले तर ती धावायलाच शिकतील.


उत्तर: मंडळीचा सेवक

कृपाछाया यांच्या भावनेचा आदर ठेवून सांगतो की हेच वचन शुभवर्तमानात आणखी एकाने उद्धृत केले आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या कड्यावर उभे करतो आणि दूत तुला झेलतील, उडी टाक, असे सांगताना स्तोत्र 91 मधल्याच या ओळी म्हणून दाखवतो. येशू ते वचन खोटे ठरवत नाही. तो जुन्या करारातल्या अनुवाद या ग्रंथातील आज्ञेने उत्तर देतो की परमेश्वराची परीक्षा पाहू नये. मला त्यातून असे समजते की राखणाऱ्यावर भरवसा ठेवणे वेगळे आणि त्याला राखायला लावण्यासाठी कड्यावर जाऊन उभे राहणे वेगळे. वॉर्निंग लागल्यावर मुलांसह ट्रेलरमध्ये थांबणे मला दुसऱ्या प्रकारात मोडते असे वाटते. तुमचे घर पक्के असेल तर दार लावून गुडघे टेकणे ठीकच आहे, कारण तुमच्या बाबतीत आसरा आणि प्रार्थनेची जागा एकच आहे. या ताईंच्या बाबतीत त्या दोन जागांमध्ये काळोखातली पायवाट आहे.

ताई, मुलांना सांगण्यासाठी बहुतेक जण मार्कच्या चौथ्या अध्यायाकडे, येशू सरोवरातले वादळ शांत करतो त्या गोष्टीकडे वळतात, आणि तुमच्यासाठी त्यात एक गंमत आहे. 1986 मध्ये दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी ओसरले तेव्हा काठच्या चिखलात साधारण पहिल्या शतकातली मासेमारीची एक नाव सापडली. तिची लांबी सुमारे 27 फूट आणि रुंदी साडेसात फूट आहे. शिष्य ज्या नावेत होते ती हीच, असे कोणी म्हणू शकत नाही, पण तशा नावा केवढ्या असत ते तिच्यावरून कळते. ट्रेलरच्या दारात मुलीला उभे करून सांगा की तेरा माणसे साधारण एवढ्याच जागेत होती. ते सरोवर समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली, डोंगरांच्या कुशीत आहे आणि तिथे वारा अचानक उतरतो. येशू उशी घेऊन झोपला होता, ही उशी एकट्या मार्कनेच नोंदवली आहे. शिष्यांनी त्याला हलवून उठवले, आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही का, असे जवळजवळ खडसावून विचारले. मार्कच्या वृत्तात तो आधी वाऱ्याला धमकावतो, समुद्राला "उगा राहा, शांत हो" म्हणतो, आणि पाणी निवळल्यावर मगच त्यांच्या भीतीबद्दल व विश्वासाबद्दल विचारतो. भेदरलेल्या लेकराला धावत्या वाटेवर शिकवण देऊ नये, एवढे तरी मी त्यावरून शिकलो. तुमचे "चल आधी" मला अगदी योग्य वाटते.

तरीही या गोष्टीत वादळ थांबते, आणि तुमच्या शेजाऱ्यांसाठी ते थांबले नाही. म्हणून मी तुम्हांला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 वाचायला सुचवीन. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे, जहाजावर 276 माणसे आहेत आणि तुफान चौदा रात्री सुटत नाही. देवदूत पौलाला सांगतो की एकाही जिवाची हानी होणार नाही. जहाज मात्र जाईल, हे पौल स्वतःच सगळ्यांना सांगून टाकतो. त्याआधी खलाशांनी जहाजाला दोर आवळून बांधले होते, सामान फेकले होते; पण इतके ठोस आश्वासन मिळूनही ते हात जोडून बसत नाहीत, काठ जवळ आल्याची शंका येताच चार नांगर टाकून उजाडण्याची वाट पाहतात. खलाशी होडीतून पळू लागतात तेव्हा हाच पौल शताधिपतीला सांगतो की ही माणसे जहाजात राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. वचन देवाचे होते आणि नांगर टाकणारे हात माणसांचे होते, आणि हा वृत्तांत लिहिणाऱ्या लूकला हे एकत्र लिहिताना कुठेही अडखळल्यासारखे झालेले नाही. शेवटी जहाज फुटते, पोहता येणारे पोहून आणि बाकीचे फळ्यांवर तरंगत काठाला लागतात.

तुमच्या शेजाऱ्यांची गोष्ट या अध्यायात आहे. प्रार्थना ऐकली गेली आणि जहाज गेले. त्यांचेच का आणि आपले का नाही, याचे उत्तर मला देता येत नाही, आणि ते देता येते असे म्हणणाऱ्या पाळकापासून मी माझी मुले दूर ठेवीन.


उत्तर: घर विकले नाही, ट्रेलर विकला

सेवक यांच्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. काही वर्षांपूर्वी आमचाच ट्रेलर आडवा झाला होता. आम्ही त्या वेळी बाहेर होतो, म्हणून वाचलो. पुढच्या रविवारी उपासनेत एका कुटुंबाने साक्ष दिली की देवाने त्यांच्या ट्रेलरभोवती कुंपण घातले होते. त्यांची कृतज्ञता खरी होती, यात मला शंका नाही. मी मागच्या बाकावर उसन्या कपड्यांत बसले होते आणि माझ्या मुलाने कानात विचारले की आपल्याभोवती का नाही घातले.

त्यामुळे ताई, माझी एकच विनंती आहे. "देवाने आपल्याला वाचवले" हे वाक्य त्या आजी-आजोबांसमोर मुलांच्या तोंडून निघणार नाही, असे पाहा. आभार घरात माना, भरपूर माना. वादळाचा अर्थ लावायला शास्त्रही आपल्याला एकच नियम देत नाही. ईयोबाची मुले ज्या घरात जेवत होती ते घर रानातून आलेल्या वाऱ्यानेच पाडले, आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर वावटळीतून बोलतो. एलीया संदेष्ट्यासमोर मात्र डोंगर फोडणारा वारा सुटतो आणि परमेश्वर त्या वाऱ्यात नसतो, असे स्वच्छ लिहिले आहे.

आणि थोडे कडू बोलते. चाकांचा एक फायदा असा की घर हलवता येते. वसंत ऋतूत त्या पट्ट्यात राहणे कामासाठी अटळ असेल, तर मुक्काम निवडताना वादळात आसरा देणारी इमारत किती पावलांवर आहे, हे भाड्याच्या आधी विचारा. आम्ही स्विमिंग पूल आधी विचारायचो.


पुन्हा: चाकांवरची आई

सर्वांचे मनापासून आभार. कृपाछाया ताई, तुमच्यावर राग नाही. खरे सांगायचे तर त्या रात्री माझ्या मनातही तोच विचार येऊन गेला होता, म्हणून मुलीचा प्रश्न इतका झोंबला.

काल आम्ही वेळ मोजली. पहिल्यांदा सहा मिनिटे लागली, कारण धाकट्याला हेल्मेटबरोबर गुडघ्यांची पॅडेही घालायची होती. तिसऱ्या खेपेला अडीच मिनिटांवर आलो. काउंटीचे नाव फ्रिजवर लागले आहे. मुलीने ते स्वतः लिहिले आणि खाली नावेचे चित्र काढले, 27 फूट असे लिहून.

पौलाच्या जहाजाची गोष्ट रात्री टेबलापाशी वाचली. सगळे काठाला लागल्यावर तिने विचारले, "आणि त्यांचे सामान?" मी पुढचा अध्याय उघडला. तिथे सामानाचा उल्लेख नाही. पाऊस आणि थंडी होती म्हणून बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतले आणि पौलाने काटक्या गोळा केल्या, एवढे आहे. आज सकाळी ती भावाला घेऊन शेताच्या कुंपणापाशी गेली आणि तारांना अडकलेल्या त्या आजींच्या वस्तू गोळा करून आणल्या: दोन स्वेटर, एक चाळणी, फ्रेम नसलेला फोटो आणि एका पायाचा बूट. "त्यांनीही प्रार्थना केली होती ना" हा प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही. सुटला म्हणून की माझी अडचण ओळखून, ते मला कळलेले नाही. पुन्हा विचारला तर मलाही माहीत नाही, असे सांगायचे ठरवले आहे.

आज संध्याकाळी ते दोघे आमच्याकडे जेवायला येणार आहेत. टेबलापाशी चौघेच मावतात, तेव्हा मुले बंकवर बसून जेवतील.

चालक दादा, एक राहिले. आमचा मुक्काम दोन काउंट्यांच्या सीमेला लागून आहे. रेडिओत कोणता संकेतांक घालायचा?


उत्तर: जुना चालक

दोन्ही घाला, आणि नैऋत्येला लागून असलेल्या काउंटीचा तिसराही. त्या भागात वादळे बहुधा तिकडूनच येतात.